उड्डाणयोग्यता : कागदावरची आणि बिजागरीतली

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विमान दुर्घटनेनंतर ‘उड्डाणयोग्यता’ हा एरवी अभियंत्यांच्या आणि नियामकांच्या कागदपत्रांत वावरणारा शब्द सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला. विमान उडण्यास योग्य आहे हे कोण ठरवितो, कशाच्या आधारे ठरवितो आणि त्या निर्णयाची जबाबदारी कोणावर असते, असे प्रश्न साहजिकच विचारले जाऊ लागले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र हेच प्रश्न ज्या विमानप्रकारात सर्वांत स्पष्टपणे समोर येतात, त्याच्याकडे या निमित्ताने पाहणे उपयुक्त ठरेल. तो प्रकार म्हणजे ग्लायडर. त्याला इंजिन नाही, त्याच्यामागे शेकडो तंत्रज्ञांची फौज नाही. त्याची सुरक्षितता उरते ती काही हलत्या फळ्या, त्यांच्या बिजागऱ्या आणि त्यांना वैमानिकाच्या हाताशी जोडणारे दांडे व तारा यांच्यावर. युरोपने २०२० मध्ये या हलक्या विमानांच्या देखभालीची बरीचशी जबाबदारी सरकारी यंत्रणेकडून मालकाकडे सोपविली. भारतातही १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू होऊन १९३४ चा विमान कायदा इतिहासजमा झाला आहे. नियम बदलण्याच्या या काळात नियमांच्या पलीकडे नेमके काय सांभाळावे लागते, याचा विचार व्हायला हवा.

ग्लायडरचे नियंत्रण ज्या पृष्ठांद्वारे होते ती मोजकीच आहेत. पंखांच्या टोकांकडील एलेरॉन विमानाला डावी-उजवीकडे कलवितात, शेपटीवरील आडवा एलिव्हेटर नाक वर-खाली करतो आणि उभा रडर नाक बाजूला वळवितो. पंखांवर उघडणारे एअरब्रेक उतरण्याचा कोन ठरवितात. इंजिनाच्या विमानात उतरणे बिघडले तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येतो. ग्लायडरच्या वैमानिकाला ती सवलत नसते. एअरब्रेक अर्धवट उघडे राहिले किंवा एलिव्हेटर अडकला, तर चुकीची भरपाई करण्यासाठी त्याच्याजवळ उंचीखेरीज दुसरे काही भांडवल नसते, आणि ते तर सतत खर्चच होत असते.

त्यात ग्लायडरचे एक वैशिष्ट्य असे की, ते वारंवार सुटे केले जाते. स्पर्धेतील एका प्रमुख वर्गातील ग्लायडरच्या पंखांचा विस्तार १५ मीटर असतो. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एएसके २१’ या दोन आसनी ग्लायडरचा १७ मीटर. एवढे लांब पंख उघड्यावर ठेवणे परवडत नाही. म्हणून पंख आणि आडवी शेपटी काढून ते ट्रेलरमध्ये ठेवतात व पुढच्या उड्डाणापूर्वी पुन्हा जोडतात. प्रवासी विमानाच्या एलेरॉनची जोडणी क्वचित, तीही कार्यशाळेत उघडली जाते. ग्लायडरची जोडणी मात्र धावपट्टीच्या कडेला, गवतावर, कधी घाईत तर कधी गप्पांच्या ओघात होते. म्हणजे देखभालीतील एक अत्यंत नाजूक काम येथे जवळजवळ नित्याचे झालेले असते, आणि नित्याच्या कामातच दुर्लक्ष शिरते.

जुन्या पिढीच्या अनेक ग्लायडरांत ‘लॉटेलिए’ नावाने ओळखली जाणारी जोडणी असते. एका दांड्याच्या टोकावरील धातूची गोळी दुसऱ्या दांड्याच्या खोबणीत बसते आणि स्प्रिंगच्या जोरावर सरकणारी पाचर तिला आत अडकवून ठेवते. कल्पना साधी व सोयीची आहे. दोष असा की, गोळी पुरती बसली नसली किंवा पाचर पूर्ण सरकली नसली, तरी वरवर पाहता जोडणी झाल्यासारखी वाटते. नियंत्रणदांडा हलविला तर एलेरॉनही हलतो. हवेत गेल्यावर भार आला की जोडणी सुटते. अशा अपघातांनंतर या जोडणीला सुरक्षा पिन किंवा वरून बसणारी धातूची नळी लावण्याचे आदेश निघाले. नव्या रचनांत तर पंख बसविताच नियंत्रणे आपोआप जोडली जातात. तरीही जुनी ग्लायडरे आजही मोठ्या संख्येने उडतात.

यावरचा उपाय यंत्राने नव्हे, तर माणसांनी शोधला. जोडणीनंतर एकाने बाहेर उभे राहून एलेरॉन हाताने घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने कॉकपिटमध्ये बसून दांडा त्या विरोधाविरुद्ध दाबायचा. मग एलिव्हेटर, मग रडर, मग एअरब्रेक, प्रत्येक पृष्ठासाठी हीच कृती. नुसते हलते की नाही हे पाहणे आणि भार घेते की नाही हे पाहणे यांतील फरक या तपासणीने ओळखला आहे. तिला पैसे लागत नाहीत, उपकरण लागत नाही. लागतो तो दुसरा माणूस आणि पाच मिनिटांचा संयम.

जोडणी ठीक असली तरी झीज थांबत नाही. बिजागरीची पिन, तिचे भोक, दांड्याच्या टोकावरील बेअरिंग यांत सूक्ष्म ढिलेपणा येत जातो. कार्यशाळेत त्याला ‘प्ले’ म्हणतात. दांडा जागेवर बांधून एलेरॉनची मागची कड किती मिलिमीटर हलते, हे मोजले की साऱ्या सांध्यांच्या ढिलेपणाची बेरीज हाती येते. किती ढिलेपणा चालेल, पृष्ठ वर-खाली किती अंशांनी फिरले पाहिजे, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. रडरच्या पोलादी तारा पॅडलजवळच्या नळीतून वळताना घासतात. त्यांचे धागे एकेक करून तुटतात आणि बाहेरून तार शाबूत दिसते. त्यावरून फडके फिरविले की तुटका धागा अडकतो. हीच गोष्ट पोलादी दांड्यांची. बाहेर रंग चकचकीत असतो, आत साचलेल्या ओलाव्याने गंज चढत असतो. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे धूळ, रंग किंवा किड्यांच्या मातीने बुजली, तर हा गंज वर्षानुवर्षे बिनबोभाट वाढतो.

सर्वांत गैरसमज होतो तो वजनाबाबत. नियंत्रक पृष्ठ बिजागरीभोवती फिरते. बिजागरीच्या मागचे वजन प्रमाणाबाहेर वाढले की विशिष्ट वेगाला ते पृष्ठ आणि पंख किंवा शेपटी एकमेकांना झोके देऊ लागतात आणि पताकेसारखी फडफड सुरू होते. वैमानिक तिला ‘फ्लटर’ म्हणतात. ती क्षणार्धात वाढते आणि विमानाचा सांगाडा मोडून टाकू शकते. म्हणूनच अनेक पृष्ठांच्या पुढच्या कडेला शिशाचे वजन बसविलेले असते, आणि प्रत्येक पृष्ठाचे एकूण वजन व बिजागरीभोवतीचा भार यांच्या मर्यादा पुस्तिकेत असतात. आता एखाद्याने उन्हाने तडकलेला रडर हौसेने पुन्हा रंगविला. काम सुबक झाले, पण रंगाचे काहीशे ग्रॅम बिजागरीच्या मागे जमा झाले. दिसायला नवे झालेले ग्लायडर प्रत्यक्षात आधीपेक्षा धोकादायक झाले. हे टाळायचे तर दुरुस्तीनंतर पृष्ठ सुटे करून, बिजागरीच्या रेषेवर टांगून, मागची कड काट्यावर टेकवून भार मोजावा लागतो. ही तपासणी अवघड नाही. पण ती करायची असते, हे ठाऊक असणारा माणूस जवळ असावा लागतो.

क्षुल्लक वाटणारा भाग किती मोठा अनर्थ घडवू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील रेनो येथे १६ सप्टेंबर २०११ रोजी दिसले. हवाई शर्यतीत एक जुने, फेरफार केलेले पी-५१ विमान प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिकासह ११ जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे आढळले की, एलिव्हेटरवरील छोट्या ट्रिम टॅबचे स्क्रू धरून ठेवणाऱ्या लॉकनटांचे आतील अस्तर जीर्ण झाले होते. स्क्रू सैल झाले, टॅबचा ताठरपणा कमी झाला आणि शर्यतीच्या वेगाला फडफड सुरू झाली. काही रुपयांचा नट वेळेवर बदलणे आणि न बदलणे, एवढेच ते अंतर होते.

मोठ्या विमानांत असे होत नाही, असा समज असल्यास तोही खरा नाही. १६ फेब्रुवारी २००० रोजी कॅलिफोर्नियात एमरी कंपनीचे डीसी-८ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळून तिघे कर्मचारी दगावले. एलिव्हेटरच्या टॅबला जोडणारा एक बोल्ट नीट सुरक्षित केला गेला नव्हता आणि तपासणीत ते लक्षात आले नव्हते. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचे एम्ब्रेअर विमान मोठ्या देखभालीनंतर निघाले, तेव्हा त्याच्या एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या होत्या. वैमानिक डावीकडे वळवी, विमान उजवीकडे कलंडे. उड्डाणापूर्वीच्या नियंत्रण तपासणीतही ही चूक हाती लागली नव्हती. वैमानिकांनी शर्थीने विमान बेजा येथे उतरविले म्हणून सहाही जण वाचले. या दोन्ही प्रसंगांत प्रमाणपत्रे, मान्यताप्राप्त कार्यशाळा, सह्या यांची वानवा नव्हती. चूक झाली ती देखभालीच्याच हातून, आणि ती पकडणारी दुसरी नजर त्या वेळी कामी आली नाही.

या पार्श्वभूमीवर युरोपातील नियमबदल पाहिला पाहिजे. युरोपीय संघाची २००३ ची देखभालविषयक नियमावली मूलतः व्यावसायिक विमानसेवेच्या धर्तीवर बेतलेली होती. ती टप्प्याटप्प्याने ग्लायडर क्लबांपर्यंत पोहोचली, तेव्हा दशकानुदशके स्वयंसेवी पद्धतीने चाललेल्या या क्लबांत असंतोष पसरला. आठवड्याच्या सुटीत उडणाऱ्या लाकडी ग्लायडरसाठी जवळजवळ विमान कंपनीला शोभेल असा कागदांचा पसारा सांभाळावा लागतो, त्यात वेळ जातो आणि खऱ्या तपासणीसाठी उत्साह उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो निराधार नव्हता. अखेर २४ मार्च २०२० पासून हलक्या विमानांसाठी ‘पार्ट-एमएल’ ही स्वतंत्र, सुटसुटीत नियमावली लागू झाली. तीनुसार मालक आपल्या ग्लायडरचा देखभाल कार्यक्रम स्वतः जाहीर करू शकतो. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. निर्मात्याच्या शिफारशींपासून फारकत घ्यायची असेल तर ती त्याच्या जबाबदारीवर. मात्र किमान तपासणी कार्यक्रमाच्या खाली जाता येत नाही आणि सुरक्षेसाठी काढलेले बंधनकारक आदेश टाळता येत नाहीत. वैमानिक-मालकाला बरीच साधी कामे स्वतः करून त्यावर सही करता येते. जी कामे चुकली तर थेट जिवावर बेततील, ती मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत.

या धोरणामागे एक गृहीतक आहे. ज्याचा जीव त्या ग्लायडरवर अवलंबून आहे, तो त्याची काळजी सर्वांत जास्त घेईल. हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु काळजी आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रडर हौसेने रंगविणारा मालक निष्काळजी नसतो. उलट त्याच्या काळजीतूनच चूक जन्माला येते. युरोपात हे गृहीतक चालून जाण्याचे कारण नियमांत नसून तेथील परंपरेत आहे. जर्मनीत वासरकुप्पेच्या टेकडीवर १९२० पासून ग्लायडिंग चालत आले. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन १९२९ पासून कार्यरत आहे. तेथील अनेक क्लबांत हिवाळ्यात उड्डाणे मंदावतात तेव्हा सदस्य कार्यशाळेत जमतात, ग्लायडर सुटे होते, जुने तपासनीस नव्यांना बेअरिंगमधील ढिलेपणा बोटांनी ओळखायला शिकवितात. शिथिल नियमांना आधार आहे तो या न लिहिलेल्या शिक्षणाचा. ते शिक्षण नसेल, तर शिथिलता म्हणजे केवळ पोकळी.

तपासणीलाही मर्यादा असतात, हेही मान्य केले पाहिजे. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात झेक बनावटीच्या ‘ब्लानिक एल-१३’ या धातूच्या ग्लायडरचा पंख हवेत तुटून दोघांचा बळी गेला. पंखाच्या मुख्य तुळईत, मुळाजवळ, धातूच्या थकव्याने तडा गेला होता. तो नेहमीच्या दृश्य तपासणीत दिसण्याजोगा नव्हता. त्याच वर्षी या प्रकारच्या ग्लायडरांची उड्डाणे थांबविण्यात आली आणि जगभरच्या क्लबांना त्याची झळ बसली. हा भाग नियंत्रक पृष्ठाचा नसला तरी त्यातील धडा सर्व भागांना लागू आहे. डोळ्यांना न दिसणारी झीज केवळ नोंदींतून कळते. किती तास उड्डाण झाले, त्यात कसरती किती, किती वेळा दोरखंडाच्या यंत्राने वर खेचले गेले, याचा प्रामाणिक हिशेब नसेल तर उरलेले आयुष्य मोजणार कसे? फायबरग्लासच्या अनेक ग्लायडरांना सुरुवातीला ३ हजार तासांची मर्यादा होती. विशेष तपासण्यांच्या अटीवर ती टप्प्याटप्प्याने १२ हजार तासांपर्यंत वाढविली गेली. ही वाढ विश्वासाने मिळाली, आणि तो विश्वास नोंदवहीवर उभा आहे.

त्यातच जगातील ग्लायडरांचा ताफा म्हातारा होत चालला आहे. ग्लासफ्लुगेलसारख्या नामवंत कंपनीचे उत्पादन १९८२ मध्येच थांबले. तिची ग्लायडरे मात्र अजून उडत आहेत. मूळ निर्माता उरत नाही तेव्हा सुटे भाग, आरेखने आणि बदलांची मंजुरी यांसाठी कोणाकडे जायचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी बाजारात मिळणारा ‘तसाच’ बोल्ट वापरण्याचा मोह होतो. बोल्टचा आकार तोच असला तरी त्याचे पोलाद तेच असेल असे नाही.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बिकट आहे. आपल्याकडे ग्लायडिंगची परंपरा नव्हतीच, असे मुळीच नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात ‘अश्विनी’, ‘रोहिणी’, ‘मृगशीर’ अशी नक्षत्रांची नावे दिलेली ग्लायडरे आखली गेली. लाकडी बांधणीची ‘रोहिणी’ १९६१ मध्ये प्रथम उडाली. पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चालविलेल्या केंद्रात अनेक पिढ्यांनी ग्लायडिंगचे धडे घेतले. परंतु वैमानिक तयार करण्याला जे महत्त्व मिळाले, ते लाकूड, कापड, सरस आणि बिजागरी ओळखणारे कारागीर तयार करण्याला मिळाले नाही. ग्लायडरांची संख्या मोजकी असल्याने त्यावर हात बसलेले तंत्रज्ञही मोजकेच राहिले.

शिवाय आपले हवामान हे युरोपचे नव्हे. फायबरग्लासच्या बहुतेक ग्लायडरांच्या सांगाड्याची क्षमता ५४ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत सिद्ध केलेली असते. म्हणूनच ती पांढऱ्या रंगाची असतात. वैशाखातल्या उन्हात झाकलेल्या ट्रेलरच्या आत हा आकडा दूर राहत नाही. पावसाळ्याचे चार महिने लाकडी सांध्यांतील सरस, कापडाची शिवण आणि पोलादी दांड्यांचे अंतरंग यांची परीक्षाच असते. निर्मात्याच्या पुस्तिकेतील वार्षिक तपासणी थंड देशातील हंगाम गृहीत धरते. आपल्याकडे पावसाळ्यानंतरची स्वतंत्र तपासणी हा नियमच असला पाहिजे.

मग करायचे काय? नव्या कायद्याखाली नियमांची फेरमांडणी होत असताना हलक्या विमानांसाठी सुटसुटीत पद्धत आणण्याचा विचार झाला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मोठ्या विमान कंपनीचे कागद ग्लायडरवर लादून सुरक्षितता वाढत नाही. मात्र सुटसुटीतपणाबरोबर काही गोष्टींना फाटा देता कामा नये. नियंत्रणव्यवस्थेला हात लागला की दुसऱ्या जाणकाराची स्वतंत्र तपासणी, मग ते काम कितीही किरकोळ असो. प्रत्येक जोडणीनंतर भार देऊन केलेली तपासणी. रंग किंवा दुरुस्तीनंतर पृष्ठाचे वजन व भार मोजून त्यांची नोंद. ढिलेपणाचे माप ‘ठीक आहे’ अशा शेऱ्याऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिणे, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे थोडे अनुभवी तंत्रज्ञ आज हयात व कार्यरत आहेत, त्यांच्या हाताखाली तरुणांना रीतसर उमेदवारी करण्याची सोय. विमान देखभालीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांना ग्लायडर हे स्वस्त आणि उत्तम अध्यापनसाधन ठरू शकते. त्यावर नियंत्रणव्यवस्थेचा प्रत्येक सांधा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र ज्या दिवशी दिले जाते, त्या दिवसाची स्थिती सांगते. दुसऱ्या दिवशी ग्लायडर सुटे करून पुन्हा जोडले की त्या कागदाचे मोल पिन बसविणाऱ्या हातावर आणि ती ओढून पाहणाऱ्या दुसऱ्या हातावर अवलंबून राहते. सरकारने नियम कडक ठेवावेत की सैल, हा वाद चालत राहील. पण ते दोन हात तयार करण्याची जबाबदारी सरकार, क्लब आणि शिक्षणसंस्था यांपैकी कोणीच घेतली नाही, तर कडक नियमही कागदावरच राहतील आणि सैल नियम महागात पडतील.